गरी वयर काडा!

दिल्लीतल्या मराठी माणसांनी समुद्रातल्या मासेमारीवर पुस्तक काढलंय म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग दोनपैकी एक प्रश्न विचारतात. पहिला: दिल्लीत समुद्र कुठे आहे? दुसरा: तेवढ्या पैशांत बाजारातून किती किलो सुरमई आली असती? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. समुद्र नाही, जवळचा गाठायचा तरी हजारेक किलोमीटर तुडवावे लागतात. (वाटेत राजस्थानातलं सांभर सरोवर खारं आहे, पण तिथे मीठ पिकतं.) दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर या पुस्तकातल्या एकाही लेखकाने अजून घरी दिलेलं नाही.

लिहिणारी मंडळी नोएडा, गुरुग्राम, मयूर विहार, पहाडगंज अशी एनसीआरभर पांगलेली आहेत. कुणी सरकारी खात्यातून निवृत्त झालेलं, कुणी बँकेतलं, भूगोल शिकवणाऱ्या एक बाई, दोघे संगणकवाले. जमेल तेव्हा ही माणसं निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेस धरतात किंवा विमानाने गोव्यात उतरतात, मालवण-देवगडच्या बाजूला ओळखीच्या तांडेलाची होडी ठरवतात आणि दोन-तीन दिवस समुद्रात गळ टाकून बसतात. जाळं नाही, विकायचं नाही. रॉड किंवा नुसती दोरी, तिच्या टोकाला गळ, म्हणजे कोकणातली गरी, आणि तोंडाला गप्पा. या एवढ्याशा उद्योगावर पुस्तक लिहावं असं त्यात काय आहे, ते सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

समुद्रापासून लांब बसून समुद्रातल्या माशांचा विचार करण्यात नवल काही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, चहूबाजूंनी जमीनच जमीन. पण ग्रंथाच्या चौथ्या भागात, राजाने मन कसं रमवावं हे सांगताना, 'मत्स्यविनोद' नावाचं एक अख्खं प्रकरण गळाने मासे धरण्यावर आहे. त्यात नदीतले मासे आहेत तसे समुद्रातलेही आहेत. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खायला आवडतं, काठी-दोरी कशी असावी, हे सगळं राजाने सांगून ठेवलंय. गळ टाकून बसणं ही साहेबाने आणलेली चैन आहे, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. साहेबाचा या विषयावरचा आपल्याकडचा नावाजलेला ग्रंथ, एच. एस. थॉमसचा 'द रॉड इन इंडिया', १८७३ साली आला. सोमेश्वरानंतर साडेसातशे वर्षांनी.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७४ साली, दिल्लीत यमुनेवरच्या ओखल्याच्या बंधाऱ्यावरून आग्रा कालवा सुरू झाला. इंग्रजी अमदानीत या बंधाऱ्याखालच्या खळाळात महाशीर गळाला लागत असे. महाशीर हा स्वच्छ, वाहत्या, थंड पाण्याचा मासा. आज तिथेच कालिंदी कुंजजवळ, छठपूजेच्या सुमारास, यमुनेवर साबणासारखा फेस तरंगताना वर्तमानपत्रांत दिसतो. दिल्लीतल्या गळवाल्यांनी शहरातलं पाणी कधीच सोडलं. त्यातले बरेचसे डोंगराकडे वळले. रामगंगा, व्यासघाट, पंचेश्वर ही त्यांची तीर्थक्षेत्रं. जिम कॉर्बेटने 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' या १९४४च्या पुस्तकात नरभक्षक वाघांच्या गर्दीतून वाट काढून महाशीरला एक प्रकरण दिलं, ते उगाच नाही. आमची मंडळी मात्र उलट्या दिशेला गेली. त्यामागे मला तरी जिभेचं कारण दिसतं. गोड्या पाण्यातल्या माशाला मालवणी माणूस मासा म्हणतो तो केवळ सभ्यतेपोटी. बंगाल्यांच्या चित्तरंजन पार्कातल्या रोहू-कातल्यांसमोर तो हात मागे बांधून उभा राहतो. आयएनए मार्केटात सुरमई मिळते, पण तिच्या डोळ्यांत पाहिलं की ती किती दिवस बर्फात होती ते कळतं, आणि मग मंगला एक्सप्रेसची तिकिटं बघितली जातात.

छंदाचा मोठा भाग दिल्लीतच, कोरड्यावर, चालतो. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय हे यातलं पहिलं हत्यार. १९७३ साली ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर जन्माने मालवणचे, तेव्हा ते या कामाला लागावं हे रास्तच. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. ज्यांनी लहानपणी पाऊणकी घोकली त्यांना कागदही लागत नाही. चतुर्थी, चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवर मिनिटांसकट भरतीचं कोष्टक मिळतंच, पण लाजपत नगरच्या एका चौथ्या मजल्यावर फोडणी देता देता "आज देवगडात साडेचारला पाणी भरेल" असं कुणी म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खाडीचं मुख उभं राहतं. कोष्टकाने तसं होत नाही.

तिथीवर बाकीचंही ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. तळाच्या खडकाजवळ गरी सोडली तर शिसं जागेवर ठरत नाही, दोरीला पोट येतं आणि मासा चावला की नुसता प्रवाह लागला हे बोटांना कळत नाही. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, संथ. तळाची मासेमारी तेव्हा जमते. पण अगदी निपचित पाणीही कामाचं नाही. भरती पूर्ण भरली की पाणी जरा वेळ थांबतं, तेव्हा मासेही तोंड मिटून बसतात. डबे तेव्हा उघडायचे. पावसाळ्यात प्रश्नच नाही: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, आणि या हौशी मंडळींचा खरा हंगाम दिवाळीनंतर, वारा पडल्यावर.

दुसरं हत्यार गाठ. जानेवारीत दिल्लीवर धुकं उतरलं, गाड्या रद्द झाल्या, की ही माणसं रजईत बसून गाठी मारतात. हल्लीची विणलेली दोरी बारीक आणि अजिबात न ताणणारी. खडकाला घासली तर कटकन तुटते, म्हणून पुढे जाड नायलॉनचा वाव-दोन वाव तुकडा जोडायचा. त्याला लीडर म्हणतात. या दोन निसरड्या दोऱ्या एकमेकींना जोडणारी एक गाठ आहे, एफजी नावाची. तिच्यात खरं तर गाठच नसते. विणलेली दोरी ताणून धरायची, एक टोक दातांत, आणि नायलॉनचं टोक तिच्या एकदा वरून, एकदा खालून, असं वीसेक वेळा फिरवत न्यायचं. वेणी दिसू लागते. मग थुंकी लावून ओढायचं. वेढे आवळून नायलॉनमध्ये रुततात, त्याचा रंग पालटतो, आणि सगळा जोड इतका सपाट होतो की रॉडच्या कड्यांतून अडखळल्याशिवाय सुटतो. जमली की नाही ते बाल्कनीच्या गजाला बांधून, अंग मागे टाकून, तपासायचं. गाठ आधी मारायला शिकलेला माणूस दुसऱ्याला शिकवतो. बोटं धरून शिकवावं लागतं, फोनवर जमत नाही. यातल्या निम्म्या मैत्र्या अशा दातांत दोरी धरूनच झालेल्या आहेत.

रॉड पीव्हीसी पाइपात घालून न्यायचे असतात. निजामुद्दीनच्या फलाटावर हे पाइप घेऊन उभं राहिलं की हमखास कुणीतरी प्लंबर समजून भाव विचारतं. विमानतळावर तर पाइप सामानात टाका, गळ केबिनमध्ये चालणार नाहीत, इथपासून "सर, आप मछली पकड़ने मालवण जाते हैं?" इथपर्यंत संवाद होतो. त्यावर एका लेखकाने अख्खा लेख लिहिलाय. तो जरा लांबलाय, पण वगळू नये.

होडीत पाय ठेवला की दिल्लीची उतरंड बदलते. या शहरात नवा माणूस भेटला की दुसऱ्या वाक्यात हुद्दा विचारतात, आणि त्यावरून आवाजाची पट्टी ठरते. होडीत एकच हुद्दा, तांडेल. तो एखाद्या माजी सहसचिवाला "ओ सायब, खाली बसा" म्हणतो आणि सहसचिव बसतात. तासाभरात त्यांना बोट लागते, तेव्हा तोच त्यांना आल्याचा तुकडा देतो, क्षितिजाकडे बघत राहायला सांगतो, वाऱ्याच्या कोणत्या बाजूने वाकायचं तेही दाखवतो. बोट लागणं हे फार समता आणणारं दुखणं आहे. पुस्तकात प्रत्येकाने आपल्याला कधी बोट लागली ते लिहिलंय, एक जण सोडून. त्याचं इतरांनी लिहिलंय.

तांडेलाचं ज्ञान बघायचं तर तो जागा कशी धरतो ते बघावं. पाण्याखालचा खडक वरून दिसत नाही. देवळाचं शिखर आणि त्यामागचा डोंगराचा खांदा एका रेषेत आले पाहिजेत, दुसऱ्या बाजूला बुरुज आणि माड. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खडक. आता जीपीएस आहे, तांडेलही ते वापरतो. पण यंत्राने जागा दाखवली तरी मान वळवून शिखर जागेवर आहे का ते बघूनच नांगर टाकतो.

आणि मग तो क्षण येतो ज्यासाठी मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं. पाच-सहा जण चारी बाजूंनी दोऱ्या सोडून बसलेले असतात. एकाच्या रॉडचा शेंडा एकदा थरथरतो, दुसऱ्यांदा पाण्यापर्यंत वाकतो आणि रीलमधून दोरी किंचाळत सुटते. मागून तांडेल ओरडतो, "गरी वयर काडा!" ज्याला मासा लागला त्याला तो हे सांगत नाही, बाकीच्या सगळ्यांना सांगतो. लागलेली सुरमई सरळ पळत नाही. होडीखालून जाते, पुढून वळते, दुसऱ्याच्या दोरीत आपली दोरी गुंतवते, आणि दोन विणलेल्या दोऱ्या ताणाखाली घासल्या की सुरीसारख्या एकमेकींना कापतात. म्हणून एकाला मासा लागला की बाकीच्यांनी आपापले गळ मुकाट वर घ्यायचे. पहाटेपासून काही न मिळालेल्याने घ्यायचा. आत्ताच कुणीतरी आमिष चाटून गेलंय अशी ज्याची खात्री आहे, त्याने तर आधी घ्यायचा.

मग सगळी होडी त्या एका माशाच्या मागे लागते. तांडेल नाळ वळवून मासा मोकळ्या बाजूला ठेवतो. एक जण जाळीचा झेला घेऊन वाकतो, दुसरा त्याची कंबर धरतो. ज्याच्या हातात रॉड आहे तो या वेळी होडीतला सर्वांत असहाय माणूस. दोन्ही हात अडकलेले, चष्म्यावर खारे तुषार वाळलेले, त्याला मासा कुठे आहे तेच दिसत नाही. कुणीतरी पुढे होऊन त्याचा चष्मा काढतं, सदऱ्याला पुसतं आणि परत नाकावर बसवतं. फोटोत माणूस आणि मासा येतो. चष्मा पुसणारा येत नाही. रिंग रोडवर ज्यांनी आयुष्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, अशी माणसं इथे न सांगता रील फिरवून स्वतःची संधी गुंडाळून ठेवतात. या छंदातली मैत्री मला तिथे दिसते, रात्रीच्या गप्पांत किंवा सोलकढीत नव्हे. गप्पा काय, महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहातही होतात.

जगातला सर्वांत प्रसिद्ध मासेमार एकटा होता. हेमिंग्वेचा तो म्हातारा, पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने'मधून मराठीत आणलेला, चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परततो आणि पंच्याऐंशीव्या दिवशी त्याला होडीहून मोठा मासा लागतो. आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो. पण तो म्हातारा भर समुद्रात पुन्हा पुन्हा एकच खंत करतो, की बरोबर यायचा तो पोरगा आज इथे हवा होता. मासेमारी माहीत असलेल्या वाचकाला ही खंत भावुक वाटत नाही. दुसरे दोन हात नसले की काय होतं ते त्याला ठाऊक असतं.

भांडणंही आहेत, आणि ती पुस्तकात आहेत याचं मला समाधान आहे. सर्वांत मोठं भांडण मासा सोडून द्यावा की खावा यावरून. तरुण मंडळी परदेशी चित्रफिती बघून आलेली. पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा. तांडेलाला हा वेडेपणा वाटतो. त्याच्या घरी मासा म्हणजे भात, शाळेची फी आणि डिझेल. माझं मत मधलं आहे, पण गुळमुळीत नाही. चाळीस मीटर खोलीवरून भरभर वर ओढलेल्या हेकरूच्या पोटातला वाताशय दाब कमी झाल्याने फुगतो, जठर तोंडातून बाहेर येतं. असा मासा तसाच पाण्यात टाकणं म्हणजे सोडणं नव्हे, फेकणं आहे. खोल पाण्यात गेलात तर लागला तो मासा घरी न्या, आणि पुरेसे झाले की गरी गुंडाळा. उथळ पाण्यात, गोल वळणाचा गळ वापरून ओठाच्या कोपऱ्यात धरलेला मासा मात्र खुशाल सोडावा, तो जगतो. कोणता सोडायचा त्यालाही शास्त्र आहे. जिताडा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हेकरूच्या कुळात नेमकं उलटं: आधी मादी, मग नर. म्हणजे ज्या थोराड माशाबरोबर फोटो काढायची हौस असते, तोच पुढच्या पिढीची सोय असतो. मधल्या मापाचा न्यावा. अजस्र हेकरू तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, व्हेल शार्कही तसाच. यांपैकी कुणी चुकून लागला तर दोरी कापून मोकळा करायचा, फोटो नाही, फुशारकी नाही.

तांडेलाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं. आमची मंडळी त्याच्या हद्दीबाहेर गळ टाकतात, तेव्हा तिथे वाद नाही. पण किनाऱ्यावरच्या लहान होड्यांचा खरा राग माशांचा थवा घेरून खालून आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर आणि रात्री प्रखर एलईडी दिवे पाण्यात सोडून मासे गोळा करणाऱ्या नौकांवर आहे. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडीला बंदी घातली, तरी भांडण मिटलेलं नाही. मत्स्यव्यवसायाला २०१९ साली, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाच्या जोडीने, वेगळं मंत्रालय मिळालं, तेही अर्थात दिल्लीत. म्हणजे समुद्र इथे नसला तरी त्याचे कागद इथेच आहेत. त्या कागदांशी नोकरीमुळे संबंध आलेल्या एका लेखकाने होडीत बसून तांडेलाशी केलेला वाद लिहून काढलाय. माझ्या मते पुस्तकातला तो सर्वांत चांगला लेख आहे. वादात तांडेल जिंकतो.

किनाऱ्यावर आल्यावर कुणी कोणता मासा धरला याला अर्थ उरत नाही. मासे एका ढिगात ओतले जातात, होडीचा वाटा आधी बाजूला निघतो, उरलेल्याचे जितकी माणसं तितके वाटे पडतात. मग एक जण पाठ फिरवून उभा राहतो, दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारतो आणि पाठमोरा नावं घेत जातो. दिवसभरात एकही मासा न लागलेल्याच्या वाट्याला सुरमईचा मधला तुकडा जातो आणि ती धरणाऱ्याला बांगडे मिळतात, असं व्हायचंच. कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आत कुरकुरत असतील.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. साधनांवरचं प्रकरण ज्यांना रॉड घ्यायचा आहे त्यांनीच वाचावं. बाकीच्यांना त्यात रीलांच्या आकड्यांची जंत्री लागेल. भूगोलाच्या बाईंनी आंग्रिया बँकेवर लिहिलंय. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं ते प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं. तिथे या मंडळींपैकी कुणी गेलेलं नाही, जायची तयारी मात्र पानभर आहे. शेवटी पाककृती आहेत. बांगड्याच्या तिरफळातल्या आमटीत खोबरं किती, आणि तिरफळं ठेचून घालायची की अख्खी, यावर संपादनाच्या वेळी दोन घरांत एकमत होईना, म्हणून दोन्ही कृती समोरासमोरच्या पानांवर छापल्या आहेत. दिल्लीत तिरफळं सहजी मिळत नाहीत. कुणी कोकणातून येणार असेल तर दोन्ही घरांची नावं त्याच्या यादीत घालावीत.